एका घराचा हात

दसरा सरला तरी पाऊस हटला नव्हता. हटला तेव्हा सगळ्यांचं सोयाबीन एकदमच कापणीला आलं. पुसेगावच्या पलीकडं माळाच्या उतारावर वसलेल्या तांड्यात मग मजूर मिळेना. ज्याचं त्यानंच उरकायचं होतं. संतोष आणि शिला उजाडल्यापासून वावरात होते. शेंगा भिजून काळ्या पडलेल्या, काहींना जागेवरच कोंब फुटलेले. विळा लागला की ओल्या मुळांचा वास यायचा.

रुख्मिणीबाई बांधावर बसली होती. मांडीवर कापड, हातात सुई. सुईत दोरा होता, पण टाका पडत नव्हता. तिचं लक्ष सुनेकडं होतं. शिलाचा चेहरा तिला तिथून दिसत नव्हता. दिसायची ती नुसती हिरवी साडी: शिला उभी राहिली की ती लांब व्हायची, वाकली की आखूड. आज ती घडीघडीला लांब होत होती.

उन्हं वर आली तसा मोटारसायकलचा आवाज आला. अमरसिंग मुकादम. गाडी बांधाला लावून त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं.

"काय रुख्मिणीकाकी, बांधावर बसून कंपनीचं काम चालू हाय म्हणा की!"

"तुझ्यावानी गाडीवर बसून तर खात न्हाई," रुख्मिणीबाई म्हणाली.

अमरसिंग हसला आणि संतोषकडं वळला. "लक्ष्मीपूजन झालं की ट्रॅक्टर लागंल. तुझं नाव पुरा कोयता धरू ना?"

उसाच्या फडात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला कोणी दारात उभं करत नाही.

"धरा की," संतोष विळा न थांबवता म्हणाला.

"अर्धा धर," बांधावरून आवाज आला.

संतोषनं मान वर केली. "याडी, तू गप." आईला तो याडीच म्हणायचा, सगळा तांडा म्हणतो तसं.

"गप काहून? शिला यंदा यायची न्हाई. मला कंपनीच्या कामाला हाताखाली माणूस लागतं. दिवाळी ते होळी मोठी आर्डर हाय. साधनाताईनं सांगितलं."

"तुझ्या हाताखाली कोण कशाला लागतं? इतकी वर्षं तर न्हाई लागलं."

 शिला वाकलेलीच राहिली.

अमरसिंगनं टोपी घातली. "हे बघ, सासू-सुनेचं तुमी घरात मिटवा. मला पुरा कोयता न्हाई भेटला तर मी दुसरी जोडी घेतो. वसमतकडचे लोक माझ्या पाठीमागं लागलेत. दिवाळीआधी सांग." जाता जाता शिलाकडं बघून तो म्हणाला, "वहिनी, फडात काय तुमी एकल्याच ऱ्हाताय? सगळ्याच बाया ऱ्हातात की."

गाडी गेली. संतोष कापत राहिला, पण विळा आता जोरानं चालत होता.

सगळ्याच बाया राहतात, हे खरं होतं. शिलाही मागच्या हंगामात राहिली होती. पाचवा महिना होता. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना तिला कळ आली, तरी ती वर गेली, मोळी टाकली आणि मग बसली. कोपीतल्या, पाचटाच्या झोपडीतल्या, चटईवर सगळं झालं. दुसऱ्या बाईनं पाणी तापवलं. चार दिवसांनी शिला पुन्हा वाढं, उसाचे हिरवे शेंडे, बांधायला उभी राहिली. हे सगळं रुख्मिणीबाईनं फोनवर ऐकलं होतं, तेही तुटक तुटक. आता पुन्हा दिवस गेले होते. संतोषला माहीत होतं. तो म्हणाला होता, "यावेळी जड उचलायला देत न्हाई." पण ट्रॉली भरताना मुकादम मागं उभा राहून ओरडत असतो, तेव्हा कोण काय देतं आणि कोण काय देत नाही, हे रुख्मिणीबाईला कुणी सांगायची गरज नव्हती. वीस हंगाम तिनं स्वतः काढले होते.

*

कंपनी म्हणजे सेनगावची. तांड्यातल्या जुन्या समाजमंदिराचे पत्रे बदलून, आत ट्यूबा आणि पंखे लावून त्यांनी तिथं हॉल केला होता. पूर्वी बाया काम घरी नेत. आरशाच्या बारीक भिंगांचे, कवड्यांचे बटवे, पट्टे, दारावरची तोरणं. आता उशीचे अभ्रे परदेशातल्या दुकानाला जाणार होते, आणि त्या दुकानाच्या अटी होत्या. काम हॉलमध्येच. प्यायला स्वच्छ पाणी. मागं दोन संडास. भिंतीला आग विझवायची लाल टाकी. लहान पोरींना सुई द्यायची नाही. प्रत्येकीचं कार्ड, प्रत्येकीचं बँकेतलं खातं.

हॉल बघणारी साधना सेनगावची होती. मराठी शाळेच्या मास्तराची मुलगी. आडिटच्या, म्हणजे त्या दुकानाच्या तपासणीच्या, आधीच्या आठवड्यात तिनं सगळ्या बायांना बसवलं आणि भिंतीवरचा नवा तक्ता वाचून दाखवला.

"आठ तासांपेक्षा जास्त काम नाही. मध्ये जेवणाची सुट्टी. शिवीगाळ नाही. गरोदर बाईला जड काम नाही, तिला बसून काम, लागेल तेव्हा विश्रांती, बाळंतपणाची रजा."

"ताई, हे शेवटचं पुन्हा वाचा," रुख्मिणीबाई म्हणाली.

साधनानं वाचलं.

"म्हंजे हाकलून न्हाई देत?"

"नाही मावशी. उलट जागा राखून ठेवायची."

सखुबाईनं शेजारणीला कोपर मारलं. "रुख्मिणीला कशाला पाह्यजे गं गरोदर बाईची रजा?"

हशा झाला. रुख्मिणीबाईही हसली, पण वाक्य तिनं डोक्यात नीट ठेवून दिलं.

"आणखी एक," साधना म्हणाली. "ज्याचं कार्ड, त्याचाच हात. दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि आपल्या नावावर द्यायचं, हे अजिबात चालणार नाही. प्रत्येक अभ्र्याला शिवणारीच्या नावाची चिठ्ठी लागणार आहे. खोटं निघालं तर ऑर्डर जाईल. सगळ्यांची जाईल."

 हे वाक्य कुणाला उद्देशून नव्हतं, पण निम्म्या बायांना ते लागलं असणार. तांड्याची रीतच तशी होती. घरात कितीही सुया चालू देत, काम घराचं. आणि घराचं काम म्हणजे सासूच्या नावाचं. लग्नातलं कापड बघून लोक म्हणत, हे अमकीच्या घरचं. सुनेनं रात्रंदिवस खपून काढलेली झालरही सासूचीच म्हणून दाखवली जाई, आणि त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नसे. सून पुढं सासू व्हायचीच होती.

रुख्मिणीबाईचं नाव तर तालुक्यापर्यंत गेलं होतं. तिनं बसवलेलं भिंग हलत नाही, असं म्हणत. पण दोन पावसाळ्यांपासून तिच्या डोळ्यांवर सायीसारखं काहीतरी चढलं होतं. आधी दोरा ओवता येईना, मग टाका दिसेना. तिनं कुणाला सांगितलं नाही. कंपनीनं डोळे तपासायचं शिबिर घेतलं तेव्हा तिला ताप आला. पुढच्या वेळी ती माहेरी गेली. माहेरी आता कुणी नव्हतं. दुपारी ती उंबऱ्यात कापड घेऊन बसायची आणि आत, खिडकीच्या उजेडात, शिला शिवायची. संध्याकाळी रुख्मिणीबाई हाताचा तळवा सगळ्या कापडावरून फिरवायची. कुठं दोरा सैल आहे ते तिला बोटांनी कळे. तेवढं ती उसवायला लावायची.

हॉलमधून परत येताना शिला म्हणाली, "याडी, सांगून टाकू का ताईंना?"

"काय सांगायचं?"

"माझं कार्ड काढा म्हणावं. तुमचं बी राहू द्या."

"सखूच्या सुनेनं वेगळं कार्ड काढलं," रुख्मिणीबाई म्हणाली. "पोळा आला आन् चूल वेगळी झाली. एका घरात दोन नावं म्हंजे दोन चुली. मला मरेपर्यंत एकटीनं भाकर थापायची न्हाई."

"मी काय वेगळी निघून राहिले का?"

"तू न्हाई निघत. नाव निघतं. मग माणूस निघतं." थोडं चालल्यावर ती म्हणाली, "हॉलात माझ्या बाजूला बस. सुया ओवून दे म्हणून बसलीस तर कोण काय म्हणतंय? काम तुझं चालू दे, वर हात माझा. संतोषला तेच सांगत ऱ्हायचं, म्हातारीला माणूस लागतं. होळीपर्यंत निघंल."

शिलानं पदर नीट केला. तिला हे पटलं होतं की नाही, ते तिच्या चालण्यावरून कळत नव्हतं.

*

आडिटवाली बाई पुण्याहून आली. पुनम नाव. पायात बूट, गळ्यात पट्टी, पट्टीला स्वतःचा फोटो. बाया तिच्याकडं बघत होत्या आणि ती भिंतीकडं. तिनं नळ सोडून पाणी पिऊन पाहिलं, संडासाची कडी लावून बघितली, लाल टाकीवरची तारीख वाचली. मग शिट्टी वाजवायला सांगितली. शिट्टी वाजली की आग लागली असं समजून सगळ्यांनी बाहेर पडायचं, हे साधनानं तीन दिवस शिकवलं होतं. सगळ्या झपाझप बाहेर आल्या. सखुबाई मात्र अर्ध्यातून परत आत गेली.

"आजी, आत कशाला गेलात?" पुनमनं विचारलं.

"चपला ऱ्हायल्या होत्या."

"आग लागली असती तर?"

"तर चपला जळाल्या असत्या की, बाई! म्हणून तर गेले."

पुनम हसली. मग एकेकीला बाजूला घेऊन तिनं विचारलं. कुणी जास्त वेळ बसवून घेतं का, कुणी ओरडतं का. सखुबाई तिथूनही मोठ्यानंच बोलली. "घरी नवरा वरडतो, ते लिव्हता का?"

रुख्मिणीबाई हॉलच्या मधोमध बसली होती, उजवा गुडघा उभा, गुडघ्यावर कापड. शेजारी शिला, ओवलेल्या सुया कापसाच्या बोळ्यात टोचत. पुनम तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"तुम्हीच रुख्मिणीबाई ना? नमुन्यांत तुमचं काम सगळ्यात उजवं आहे. मला एक भिंग बसवून दाखवाल? मला बघायचंय कसं करतात."

तिच्या आवाजात शंका नव्हती. शंका असती तर रुख्मिणीबाईनं काहीतरी कारण काढलं असतं. शिलानं सुई हातात दिली. रुख्मिणीबाईनं भिंग अंगठ्याखाली दाबलं, कडा चाचपली आणि सुरुवात केली. आधी भिंगावरून आडवे दोन टाके, मग उभे दोन, म्हणजे चौकट. मग त्या चौकटीत अडकवत गोल काढायचा. हात चालू लागला तसं तिला बरं वाटलं. कापडाला डोळे लागतात ते रंगाला. टाका तर बोटांतच असतो.  शेवटची गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला.

"किती सुंदर," पुनम म्हणाली. "बघू?"

तिनं कापड उचललं. ते थोडं वर आलं आणि अडलं. तिनं पुन्हा ओढलं, तशी रुख्मिणीबाईच्या अंगातल्या फेटियाचा घेर गुडघ्यापर्यंत उचलला गेला. जुन्या चालीचा तो जाडाभरडा घागरा आता तांड्यात दोन-तीन म्हाताऱ्याच नेसत. टाका नेटका पडला होता. फक्त कापडाखालच्या घागऱ्यासकट पडला होता.

सखुबाईच्या हे आधी लक्षात आलं. "अगं बाई, रुख्मिणी! अभ्र्यासंगं आता तू बी बाहेरदेशी जातीस का काय?"

हॉल फुटला. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. रुख्मिणीबाईही हसली, तोंडावर हात धरून. मग तिनं फेटिया खाली ओढून पोटऱ्या झाकल्या. शिला पुढं सरकली, सासूच्या गुडघ्याशी वाकली आणि सुईच्या टोकानं एकेक टाका उसवू लागली. ते बघून हसणं हळूहळू थांबलं.

"मावशींना दोन दिवस बरं नाहीये, मॅडम," साधना घाईनं म्हणाली.

पुनमनं तिच्याकडं बघितलं नाही. ती शिलाच्या बोटांकडं बघत होती. "तुझं कार्ड?"

"मला न्हाई. मी सुया ओवते."

"मग तुला हॉलमध्ये बसता येणार नाही. कार्ड नसलेलं कुणी कामाच्या जागी नको. आजच्यापुरतं ठीक आहे."

रुख्मिणीबाईच्या कानात ते वाक्य पडलं आणि तिथंच राहिलं. साधनानं दार उघडून दिलं होतं. बरं नाही म्हटलं की आजचा दिवस निभला असता, नाव राहिलं असतं. पण शिला हॉलमध्ये बसणार नव्हती. आणि तक्त्यावर लिहिलेलं होतं ते हॉलमधल्या बाईसाठी होतं. बाहेरच्या बाईसाठी ट्रॉलीची फळी होती.

"काम तिचं हाय," ती म्हणाली.

"याडी..." शिलाचा हात थांबला.

"तू उसव." रुख्मिणीबाई पुनमच्या आवाजाच्या दिशेनं बोलत होती. "दोन वर्षं झाले, सगळं हिनंच केलं. नमुने बी हिचेच. माझ्या डोळ्याला काही सुधरत न्हाई. साधनाताईला ठाऊक नव्हतं, त्यांचा काही दोष न्हाई. आमच्यात काम सासूच्या नावानं जातं. चोरी केली असं आमाला वाटलं न्हाई. आन् हिला चौथा चालू हाय. तुमच्या तक्त्यावर लिव्हलंय, बसून काम. ते खरं असंल तर हिचं नाव घाला. माझं खोडा."

 

*

ऑर्डर गेली नाही. पुनमनं जाताना साधनाला सांगितलं की चूक लिहिली जाईल आणि ती सुधारली हेही लिहावं लागेल: कार्ड शिलाच्या नावानं, खातं शिलाचं, आणि बाकीच्या घरांतही खरा हात कुणाचा ते दिवाळीआधी विचारून घ्यायचं. साधना दोन दिवस रुख्मिणीबाईशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, शिलाचा फोटो काढला आणि ओट्यावर बसून पाणी प्यायली.

"मावशी, मला एकदा सांगायचं होतं ना. मी काही वाघ आहे का?"

"तुमी वाघ न्हाई. वाघ तुमच्या मागं उभा असतो."

साधनाला हसावं की नाही ते कळेना. "डोळ्यांचं ऑपरेशन करून देऊ. कामगारांच्या घरच्यांसाठी पण आहे. जानेवारीत हिंगोलीला कॅम्प आहे. मी स्वतः नेते तुम्हाला."

"बघू."

संतोष हे सगळं भिंतीला टेकून ऐकत होता. साधना गेल्यावर तो बोलला. "झालं? घरातलं नाव एकीचं दुसरीच्या अंगावर गेलं, मला कोणी इचारलं का? मी मुकादमाला पुरा कोयता सांगितला. आता त्याला काय सांगू, बायको खुर्चीवर बसती म्हणून?"

"अर्धा सांग," शिला म्हणाली.

"अर्धा घेत न्हाई तो! त्यानं जोडी घेतली वसमतची तर मी हितं काय करू? ते सोयाबीन चाटू का?" अंगणात ताडपत्रीवर पसरलेल्या दाण्यांकडं त्यानं हात केला. मळणीयंत्र येऊन गेलं होतं. निघालेल्या दाण्यात निम्मा काळा होता.

शिला उभी राहिली. "मग मी येते. कार्ड ऱ्हाऊ द्या. हळू हळू करीन."

"तू खाली बस," रुख्मिणीबाई म्हणाली.

"याडी, मला..."

"बस म्हणलं ना." ती संतोषकडं वळली. "जोडीच पाह्यजे ना तुझ्या मुकादमाला? मी येते."

संतोषला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तो हसला, वाईट हसला. "तुला समोरची गाय दिसत न्हाई."

"सुईचं नेढं दिसत न्हाई. ऊस काय सुईएवढा असतो? मोळी काय डोळ्यानं बांधतात? वीस वर्षं बांधली. वाढं चाचपून कळतं."

"लोक काय म्हणतील? म्हातारीला फडात नेलं म्हणतील."

"गेल्या वर्षी बायकोला नेलं तेव्हा काय म्हणले?"

 संतोष उठून दाणे खालीवर करायला गेला. ऊन उतरलं होतं, खालीवर करायची गरज नव्हती. ताडपत्रीवर उकिडवं बसून तो दोन्ही हातांनी दाणे ओढत राहिला. मग बऱ्याच वेळानं तिथूनच म्हणाला, "फळी चढायची न्हाई. मोळी बांधायची फक्त. भरायचं मी बघतो."

"बरं."

"आन् मधी काही झालं तर मी जबाबदार न्हाई."

"तू लहान होतास तेव्हा तुला कोपीत टाकून मी फळी चढत होते," रुख्मिणीबाई म्हणाली. "तवा कोण जबाबदार होतं?"

अमरसिंगनं अपेक्षेपेक्षा कमी कुरकुर केली. जोडी ती जोडी, त्याच्या तोंडी फक्त एवढंच आलं, "काकी, पडलीस तर मला शिव्या देऊ नको." शिला मात्र त्या रात्री जेवली नाही. निघायच्या पहाटे ती सासूची भाकरी बांधून देताना म्हणाली, "माझ्या जागी तुमी जाऊन राहिले, हे त्या पुण्याच्या बाईला ठाऊक असतं तर तिनं कार्ड दिलं असतं का?"

रुख्मिणीबाईनं यावर विचार केला. "दिलं असतं," ती म्हणाली. "ती चांगली बाई हाय. पण तिला हॉलच दिसतो."

*

कारखान्याच्या पट्ट्यात थंडी तांड्यापेक्षा लवकर पडली. उसाच्या पाचटानं रुख्मिणीबाईच्या पोटऱ्यांना बारीक चिरा पडल्या, मग त्या भरल्या, मग कातडी निबर झाली. तिला समोर एक हिरवा-पांढरा पडदा दिसे आणि त्यात संतोषची पाठ हलताना दिसे. तोडलेला ऊस तो तिच्या पायाशी टाकी. ती बुंधे एका रेषेत लावी, वाढ्याची पेंढी पिळून दोर करी आणि गुडघा दाबून मोळी आवळी. तिची मोळी सुटत नाही, हे चार दिवसांत बाकीच्यांना कळलं. वेळ मात्र लागे. संतोषची गाडी सगळ्यांच्या शेवटी भरे, आणि अमरसिंगचा आवाज सगळ्यांच्या आधी चढे. एकदा ती ठेचकाळून पाचटात पडली, तेव्हा शेजारच्या फडातल्या पोरींनी उचललं. त्यांच्यातली एक सहा महिन्यांची गरोदर होती.

जानेवारीच्या एका दुपारी भाकरी खाताना संतोषचा फोन वाजला. शिला होती. संतोष तिच्याशी दोन शब्द बोलला, जेवली का, दवाखान्यात जाऊन आली का, आणि फोन आईच्या कानाला लावून दिला.

"याडी, बरं हाय ना?"

"बरं हाय. तुझं?"

"पोट दिसून राहिलं आता. ताईंनी उशीवाली खुर्ची दिली. दुपारी पडायला बी देतात." मग ती थांबली. "काल ती पुण्याची बाई पुन्हा आली होती. सुधारलं का बघायला. घरात कुणाला तकलीफ झाली का म्हणून इचारलं. मी सांगितलं, माझी सासू उसाला गेली."

"मग?"

"लिहिता लिहिता थांबली. ताईंकडं बघितलं. मग म्हणाली, हे तर आमच्याकडं येत नाही. हॉलमधलं असंल तेच आमी बघतो. पण खरं सांगितलं ते बरं केलं म्हणाली. जाताना तुमचं नाव पुन्हा इचारलं."

"बराबर हाय तिचं," रुख्मिणीबाई म्हणाली. "कापड त्यांचं. ऊस दुसऱ्याचा."

"डोळ्याचा कॅम्प बी झाला. ताई म्हणल्या पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी. काम कसं चाललंय?"

"तेच सांगायचं होतं. तिकोनी भिंगं आली आता. सगळ्यांचं सुटून राहिलं. माझं बी. दोन कोपरे धरतात, तिसरा निसटतो. ताई म्हणतात डिंक लावा. मला डिंक लावायचा न्हाई."

"डिंक लावू नको." रुख्मिणीबाईनं तोंडातला घास गिळला. "धुतलं की पडंल. ऐक. तिकोनीला चौकट घालू नको. आधी निसटतो तो कोपरा धर. तिथून दोरा समोरच्या कडेला ने..." तिनं फोन खांद्यात दाबला. डावा तळहात पुढं धरला, उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवलं. उसाच्या चिकानं काळी पडलेली बोटं हवेत खाली गेली, वर आली, वळली. "असं. कळलं का? खालून घ्यायचं. वरून न्हाई. मग परत त्याच कोपऱ्यात. आता दुसऱ्या कोपऱ्याला. दोरा ताणायचा न्हाई, बसू द्यायचा. बसला का?"

"थांबा, सुई घेते."

"घे."

"मी बसलेय खिडकीत. सांगा."

फडाच्या कडेनं अमरसिंगची शिट्टी झाली. गाड्या लागल्या होत्या. शेजारच्या जोड्या तोंड धुऊन उठल्या. संतोष मोळीचा दोर हातात घेऊन उभा राहिला आणि आईकडं बघत राहिला. तिचा हात हवेत चालला होता, आणि तिकडून शिला काहीतरी विचारत होती. मुकादमानं दुसऱ्यांदा हाक मारली. संतोषनं त्याच्याकडं पाहून तळहात वर केला, थांब म्हणून, आणि आईनं बांधायच्या राहिलेल्या उसाजवळ खाली बसला.

"पुन्हा पहिल्यापासून सांगते," रुख्मिणीबाई फोनमध्ये म्हणाली. "घाई करू नको."